शेवटच्या वर्गाची स्मरणवही

शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या हाती महाराष्ट्रात जो अधिकृत कागद पडतो, तो शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एका ओळीची प्रमाणित नक्कल असते. जनरल रजिस्टर ही शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची अनुक्रमाने केलेली कायमची नोंदवही असून तिच्यात पूर्ण नाव, आईचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिवस, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. जन्माच्या किंवा जातीच्या पुराव्यासाठी नातवंडे आजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला आजही शाळेत येतात, इतके त्या नोंदीचे मोल आहे. तथापि प्रगतीच्या रकान्यातील ‘समाधानकारक’ आणि वर्तणुकीच्या रकान्यातील ‘चांगली’ हे शब्द जवळजवळ सर्वांच्या वाट्याला सारखेच येतात, आणि मुलाने त्या इमारतीत घालवलेल्या शेकडो दिवसांपैकी एकही दिवस त्या ओळीत दिसत नाही.

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी संपूर्ण वर्गाने मिळून केलेली स्मरणवही ही नेमकी उणीव भरून काढू शकते. स्मरणवही म्हणजे वर्गातील प्रत्येक मुलाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेली आणि काढलेली पाने, वर्गाने एकत्र जमवलेल्या नोंदी, नकाशे आणि छायाचित्रे यांचे बांधलेले पुस्तक, ज्याची एक प्रत प्रत्येक मुलाकडे आणि एक शाळेकडे राहते. वर्गफोटो, निरोप समारंभातील भाषणे किंवा पालकांच्या गटाने मोबाईलमधील छायाचित्रे जुळवून छापून घेतलेला चकचकीत अल्बम यांच्यापासून ती मुळातच वेगळी आहे, कारण या तिन्ही गोष्टींत मूल दिसते, पण ते स्वतः काही सांगत नाही. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील मराठी शाळांच्या बाबतीत अशा वहीला आणखी एक अर्थ आहे. तेथे मूल शाळा सोडते त्याच सुमारास कित्येकदा चाळ पाडली जात असते, रस्ता बदलत असतो आणि काही ठिकाणी वर्गाची तुकडीच बंद होत असते, त्यामुळे मुलाची वही ही वस्तीचीही शेवटची प्रत्यक्ष नोंद ठरण्याचा संभव असतो.

प्राथमिक शाळेचे शेवटचे वर्ष कोणते, या साध्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत एक नाही. गिरगाव आणि दादरमधील अनेक खाजगी अनुदानित संस्थांमध्ये पहिली ते चौथी हा प्राथमिक विभाग आणि पाचवी ते दहावी हा माध्यमिक विभाग अशी जुनी विभागणी आहे. दोन्ही विभागांना वेगळे मुख्याध्यापक असतात, आणि चौथी संपलेले मूल संस्था न सोडताही मजला, कधी इमारत, आणि हमखास एकाच वर्गशिक्षिकेचा सहवास सोडून जाते, कारण पाचवीपासून प्रत्येक विषयाच्या बाई किंवा सर वेगळे होतात. महापालिकेच्या शाळा प्रामुख्याने सातवीपर्यंत असत, त्यामुळे तेथील मुलांची खरी पांगापांग सातवीनंतर होई. पुढे २००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी नवी आखणी केली. तरीही मराठी कुटुंबांच्या बोलण्यात ‘चौथी’ या इयत्तेला जे वजन आहे ते कमी झालेले नाही. शिवचरित्राचे इतिहासाचे पुस्तक चौथीचे आणि शिष्यवृत्ती परीक्षाही दीर्घकाळ चौथी व सातवी याच वर्गांची होती. म्हणून स्मरणवही कोणत्या इयत्तेत करावी याचा निर्णय कायद्याच्या व्याख्येवरून न करता, मुले प्रत्यक्षात कोणत्या वर्षी एकमेकांपासून दूर होतात हे पाहून करावा.

प्राथमिक शाळेचे हे वर्ष मध्य मुंबईत एके काळी शिक्षणाचेच अक्षरशः शेवटचे वर्ष असे. १९२० साली मुंबई शहराच्या प्राथमिक शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच्या आधारे महापालिकेने १९२५ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात एफ आणि जी या दोन वॉर्डांत केली. वॉर्ड म्हणजे महापालिकेचा प्रशासकीय विभाग. या दोन विभागांत परळ, शिवडी, नायगाव, दादर, प्रभादेवी आणि वरळी हा गिरणीकामगारांच्या दाट वस्तीचा पट्टा येत होता. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांची मुले या शाळांत अक्षर शिकली, आणि त्यांतील बहुतेकांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपले. कवी नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने वाढवले आणि महापालिकेच्या शाळेत घातले. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली, पुढे मिळेल ते काम करत ते मोठे झाले, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून लागले आणि प्रौढपणी सातवीची परीक्षा देऊन शाळेत शिक्षक झाले. सातवीची ही परीक्षा इंग्रजी अमदानीत व्हर्नाक्युलर फायनल म्हणून ओळखली जाई आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला प्राथमिक शिक्षकाची किंवा कनिष्ठ सरकारी नोकरी मिळण्याची वाट मोकळी होई. सुर्वे यांनी आपले आयुष्य स्वतः शब्दांत मांडले म्हणून त्यांची चौथी आज ठाऊक आहे. त्यांच्यासारख्याच परिस्थितीत शिकलेल्या इतर हजारो मुलांनी त्या बाकांवरून काय पाहिले, याचा मागमूसही उरलेला नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील महाराष्ट्र पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचे अहवाल आहेत आणि त्यांत शाळांची व विद्यार्थ्यांची संख्या मिळते, पण दहा वर्षांच्या मुलाचा आवाज अशा अहवालांत कधीच उतरत नाही. बालपणाचा इतिहास लिहिणाऱ्यांची अडचण सर्व देशांत हीच आहे: मुलांविषयी मोठ्यांनी लिहिलेले पुष्कळ सापडते, मुलांनी स्वतः लिहिलेले फार थोडे.

वय वर्षे नऊ ते अकरा या काळात अशी वही का करावी, यामागे स्मृतीच्या अभ्यासातूनही एक कारण मिळते. आपल्या आयुष्यात घडलेल्या प्रसंगांच्या आठवणींना मानसशास्त्रात आत्मचरित्रात्मक स्मृती म्हणतात, आणि आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतील अशा आठवणी प्रौढपणी नाहीशा होणे याला बाल्यविस्मृती असे नाव आहे. अमेरिकेतील पॅट्रिशिया बाउर आणि मरिना लार्किना यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुले तीन वर्षांची असताना त्यांच्याशी अलीकडच्या प्रसंगांविषयी बोलून नोंद ठेवली आणि त्याच प्रसंगांविषयी पुढील वयांत पुन्हा विचारले; पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मात्र सुमारे पस्तीस टक्केच. चौथीतले मूल नेमके या ओसरत्या काळाच्या काठावर असते. शाळेचा पहिला दिवस आणि शिशुवर्गातील रडारड त्याच्या मनातून पुसट होत असते, परंतु चौथीचे वर्ष ते नीट शब्दांत मांडू शकते, आणि आजूबाजूच्या मोठ्यांना पहिलीतले प्रसंग अजून आठवत असल्याने त्यांच्या मदतीने मागचेही काही वाचवता येते. मूल काय सांगते हे विचारणाऱ्यावरही फार अवलंबून असते. मानसशास्त्रज्ञ रॉबिन फायवुश यांच्या संशोधनातून असे दिसले आहे, की ज्या घरांत मोठी माणसे घडलेल्या गोष्टींविषयी मोकळे, तपशिलाकडे नेणारे प्रश्न विचारतात, त्या घरांतील मुलांच्या आठवणी अधिक भरीव आणि सुसंगत होतात. ‘सहल आवडली का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. बसमध्ये शेजारी कोण होते, डब्यातले कोणी कोणाला दिले, परतताना कोण झोपले, असे विचारले की वहीचे पान आपोआप भरू लागते.

निरोपाच्या वेळी एकमेकांच्या वहीत लिहिण्याची चाल जुनी आणि दूरदेशीची आहे. सोळाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठातील विद्यार्थी आपल्या गुरूंकडून आणि स्नेह्यांकडून छोट्या वहीत सही व चार ओळी लिहून घेत, आणि त्याच प्रथेतून पुढे स्वाक्षरीच्या वह्या निघाल्या. मुंबईच्या शाळांत रंगीबेरंगी पानांची ऑटोग्राफ बुके आणि नंतर छापील प्रश्नांची स्लॅम बुके आली. स्लॅम बुकांतील दोष असा की त्यांत प्रश्न आधीच ठरलेले असतात आणि ते बहुधा आवडता रंग, आवडता नट, सर्वांत जवळचा मित्र यांच्यापलीकडे जात नाहीत. चाळीस मुलांच्या वर्गात ‘सर्वांत जवळचा मित्र’ विचारला की काही नावे वीस वेळा येतात आणि काही एकदाही येत नाहीत, आणि ज्याचे नाव आले नाही त्याला ते पान आयुष्यभर बोचते. वर्गाच्या स्मरणवहीत या प्रश्नाला जागा असू नये.

याउलट मराठी शाळांजवळ एक कितीतरी सकस परंपरा आधीच आहे, आणि ती म्हणजे हस्तलिखिताची. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या कथा, कविता, निबंध व चित्रे एकत्र बांधून तयार केलेला, छापलेला नव्हे तर हाताने लिहिलेला अंक म्हणजे हस्तलिखित, आणि वर्षातून एखादे हस्तलिखित काढणे हे चांगल्या शाळेचे लक्षण मानले जाई. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात असताना मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत, आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. रोजच्या छोट्या घटना मुलांपर्यंत लेखी पोचवणे हा शिक्षणाचाच भाग आहे, ही त्यामागची धारणा होती. वार्षिक हस्तलिखितात सुवाच्य अक्षराच्या निवडक मुलांचेच लेखन येते आणि विषयही बहुधा निबंधाचे असतात, एवढा फरक सोडला तर स्मरणवही हे हस्तलिखिताचेच सर्व मुलांना सामावून घेणारे रूप आहे. जपानमध्ये सहा वर्षांची प्राथमिक शाळा संपताना, मार्च महिन्यात, वर्गातील प्रत्येक मुलाच्या हस्ताक्षरातील लेखाचा समावेश असलेला संग्रह काढण्याची प्रथा रूढ आहे. तेथे अक्षर चांगले नाही म्हणून कोणाचे पान गळत नाही, आणि हाच त्या संग्रहाचा प्राण आहे.

वहीत काय असावे याचा विचार करताना पहिला मान समारंभांना देण्याचा मोह टाळायला हवा. स्नेहसंमेलन, क्रीडादिन, बक्षीस समारंभ यांची छायाचित्रे कोणीतरी काढतेच. जे कोणी टिपत नाही ते म्हणजे साधा दिवस. शाळा भरल्याची घंटा, परिपाठ म्हणजे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि दिनविशेष यांचा सकाळचा क्रम, हजेरी घेताना कोणाच्या नावापाशी बाई थांबतात, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर संख्या कोण लिहितो, मधल्या सुट्टीत डबे कुठे उघडतात, पोषण आहाराची खिचडी कोण वाढते, पावसाळ्यात ओल्या छत्र्या कुठे ठेवतात, शाळा सुटताना जिन्यावर रांग कशी मोडते, या सर्व गोष्टी मुलांना इतक्या परिचित असतात की त्या लिहिण्याजोग्या आहेत हेच त्यांना सुचत नाही. म्हणून वर्गाने एक साधा वार निवडावा, शक्यतो फेब्रुवारीतला कोणताही विशेष नसलेला दिवस, आणि त्या एका दिवसाचे तासातासाने वर्णन मुलांनी वाटून घेऊन लिहावे. महापालिकेच्या मुलांना मिळणाऱ्या गणवेश, दप्तर, वह्या अशा सत्तावीस शालोपयोगी वस्तूंची नावे आणि चित्रे एका पानावर आली तर पन्नास वर्षांनी ते पान मुंबईच्या सार्वजनिक शिक्षणाचा एक विश्वसनीय पुरावा ठरेल.

इमारतीचीही ओळख वहीत हवी. मुंबईतील महापालिकेच्या एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा भरू शकतात, आणि सकाळ व दुपार अशा दोन अधिवेशनांमुळे एकाच बाकावर दिवसातून दोन मुले बसतात, जी एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. दुपारच्या मुलाने सकाळच्या त्याच बाकावरच्या मुलाशी ओळख करून घेऊन त्याच्याविषयी पाच ओळी लिहिणे, किंवा वरच्या मजल्यावरील दुसऱ्या भाषेच्या वर्गातून त्यांची प्रार्थना कशाविषयी आहे हे विचारून आणणे, ही स्मरणवहीची फार सुंदर पाने होऊ शकतात. शहर म्हणजे काय हे त्यातून मुलांना कळते. शाळा चालवणारी पण वर्गफोटोत क्वचित दिसणारी माणसे, म्हणजे शिपाईकाका, स्वच्छतेच्या मावशी, खिचडी आणणाऱ्या ताई, दारावरचे चिंचा-बोरे विकणारे आजोबा, यांचीही पाने त्यांना विचारून आणि त्यांनी होकार दिल्यास करावीत.

या भागातील वहीचे सर्वांत समृद्ध पान मात्र घर ते शाळा या वाटेचे असेल. तिसरीच्या परिसर अभ्यासात मुलांनी आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहिलेला असतो, खुणा आणि दिशा त्यांना समजतात. तीच समज वापरून प्रत्येकाने आपल्या वाटेचा नकाशा काढावा, आणि त्यात मोठ्यांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या इमारतींपेक्षा स्वतःच्या खुणा दाखवाव्यात. गिरगावातील मूल मुगभाट, फणसवाडी, ठाकूरद्वार किंवा खोताची वाडी येथून निघून जगन्नाथ शंकरशेठ मार्ग ओलांडते. वाटेत कोणत्या घराच्या ओट्यावर मांजर बसते, पाणी साचते कुठे, कोणत्या दुकानाचे काका हात करतात, हे त्याच्या नकाशात येऊ द्यावे. लालबाग-परळच्या मुलाच्या वाटेवर उड्डाणपुलाखालची सावली, चिवडा गल्लीतील भट्टीचा वास आणि जूनपासूनच मंडपांच्या कापडाआड सुरू झालेले गणेशमूर्तींचे कारखाने असतात, आणि भाद्रपदात १९३४ साली सुरू झालेल्या लालबागच्या राजाच्या दर्शनाच्या रांगांमुळे शाळेची नेहमीची वाटच बदलून जाते. दादरच्या मुलाला स्टेशनजवळील फूलबाजारातून, कबुतरखान्याच्या वळणावरून किंवा शिवाजी पार्कच्या कठड्यालगत जावे लागते, आणि ६ डिसेंबरच्या सुमारास चैत्यभूमीकडे जाणारा जनसागर आणि मैदानातील पुस्तकांचे स्टॉल त्याच्या वाटेचा भाग होतात. अशा चाळीस वाटा एका मोठ्या कागदावर एकत्र आणल्या की शाळेभोवतीची वस्ती मुलांच्या नजरेतून उभी राहते, आणि असा नकाशा कोणत्याही सरकारी कचेरीत मिळणार नाही.

वाटेच्या या पानाला घाई आहे, कारण वाटा टिकणाऱ्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या आणि अनेक कुटुंबे गावी परतली. त्या काळात शाळांतून निघून गेलेल्या मुलांविषयी जनरल रजिस्टरात फार तर ‘परगावी गेल्यामुळे’ एवढेच आढळेल. आज कारण वेगळे आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी एकूण २०७ इमारतींच्या होत्या आणि त्यांपैकी वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचा पुनर्विकास म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणामार्फत सुरू झाला. गिरगावात भुयारी मेट्रोच्या कामासाठी जुन्या इमारती पाडल्या गेल्या. पुनर्विकासाच्या काळात कुटुंब भाड्याच्या तात्पुरत्या घरात, बऱ्याचदा उपनगरात, राहायला जाते आणि मूल एकतर लांबून लोकलने येते किंवा शाळा बदलते. त्यात पालकांचा इंग्रजी माध्यमाकडे वाढलेला ओढा मिळाल्याने मराठी शाळांचा पट घटतो, तुकड्या कमी होतात, शाळा जवळच्या शाळेत विलीन होतात. विलीन झालेल्या शाळेचे जनरल रजिस्टर दुसऱ्या शाळेकडे जपणुकीसाठी जाते, कारण तसे बंधन असते. भिंतीवरची चित्रे, हस्तलिखिते आणि वर्गफोटो यांच्यासाठी असे बंधन नसल्याने ती बहुधा रद्दीत जातात, ही मराठी समाजाची मोठी आणि अजून पुरेशी न उमगलेली हानी आहे.

ज्या शाळांत दोन-तीन पिढ्या शिकल्या तेथे घरातील एका मोठ्या माणसाच्या चौथीचे पान जोडणे सहज शक्य असते. मुलाने आजीला किंवा आजोबांना विचारावे की पाटी होती की वही, शाळेची वेळ घड्याळावरून कळे की गिरणीच्या भोंग्यावरून, मधल्या सुट्टीत कोणता खेळ चाले, मार मिळे का, कोण मधूनच शाळा सोडून गेले. उत्तर लिहिताना मुलाने ते प्रमाण मराठीत बदलून घेऊ नये. आजी मालवणीत बोलली तर मालवणीत, घाटावरच्या बोलीत बोलली तर त्या बोलीत लिहावे, आणि कोणता शब्द वर्गाला अनोळखी आहे ते समासात सांगावे. हीच गोष्ट मुलांच्या स्वतःच्या लेखनालाही लागू आहे. शिक्षकांना शुद्धलेखन सुधारण्याची सवय असते आणि इतर वह्यांच्या बाबतीत ती योग्यच असते, परंतु स्मरणवहीत लाल शाई येऊ नये, कारण ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसह असलेले ते अक्षर हाच त्या वयाचा पुरावा असतो. ज्या मुलाला लिहिणे जड जाते त्याने सांगावे आणि मित्राने लिहून घ्यावे, किंवा त्याने पूर्ण पानभर चित्र काढावे. मात्र पान त्याचेच असावे.

वर्षाच्या मध्यात शाळा सोडून गेलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न या भागात दरवर्षी उभा राहतो, आणि त्याचे उत्तर एकच असू शकते: पहिलीपासून जे जे मूल या तुकडीत बसले, त्याचे नाव वहीत यायला हवे. हजेरीपट पाहून शिक्षकांनी ती यादी करावी, आणि गेलेल्या मुलांविषयी उरलेल्यांना जे आठवते ते दोन-तीन ओळींत नोंदवावे. शक्य असल्यास पालकांमार्फत त्या मुलांकडूनही एक पान मागवावे. त्यासाठी वहीचे काम एप्रिलमध्ये सुरू करून चालत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताच प्रत्येकाने आपली उंची, हस्ताक्षराचा नमुना आणि वाटेचा नकाशा करावा, दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांशी बोलून यावे, दुसऱ्या सत्रात साध्या दिवसाची नोंद आणि माणसांची पाने व्हावीत, आणि मार्चअखेर सर्व पाने बांधायला जावीत, म्हणजे १ मेच्या आसपास निकालाच्या दिवशी वही मुलांच्या हाती पडते. मुलांना विचार करायला लावणाऱ्या एका प्रश्नासाठी मुद्दाम जागा राखावी: मोठेपणी कोण व्हायचे हे सगळेच विचारतात, त्याऐवजी या शाळेतील कोणती गोष्ट बदलायला हवी होती, असे विचारले तर मुले अत्यंत प्रामाणिक उत्तरे देतात, आणि शाळेने ती न गाळता वहीत ठेवण्याचे धैर्य दाखवावे.

छायाचित्रांच्या बाबतीत दोन पथ्ये पुरेशी आहेत. वर्गफोटोखाली ओळवार, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहावे, कारण माजी विद्यार्थी पुन्हा भेटतात तेव्हा मागे नावे नसलेल्या फोटोतील अर्धे चेहरे ओळखूच येत नाहीत. दुसरे असे, की जुन्या स्वाक्षरी वह्यांत पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिण्याची जी रीत होती ती आता सोडून द्यावी आणि वहीची पाने समाजमाध्यमांवर टाकू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यातही अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केलेले आहे. वही कागदाची असली तरी पालकांची लेखी संमती सुरुवातीलाच घेणे श्रेयस्कर.

राहिला प्रश्न कागदाचा, आणि मुंबईच्या हवेत तो गौण नाही. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो आणि त्यात लिग्निन हा लाकडातील घटक उरलेला असतो. तो प्रकाशाने व हवेने पिवळा पडतो, आणि कागदात आम्ल असेल तर काही दशकांत पान ठिसूळ होऊन घडीवर तुटते. म्हणून आम्लरहित, शक्यतो सुती लगद्याचा कागद मूळ प्रतीसाठी घ्यावा. लिहायला पेन्सिल किंवा रंगकणयुक्त काळी शाई वापरावी; पेन्सिलीचे ग्रॅफाइट प्रकाशाने उडत नाही, तर स्केचपेनचे रंग लवकर फिके होतात. पाने चिकटवायला पारदर्शक चिकटपट्टी कधीही वापरू नये, कारण तिचा गोंद तपकिरी डाग पाडतो, आणि लॅमिनेशनही करू नये, कारण एकदा प्लास्टिकमध्ये बंद केलेले पान पुन्हा सुरक्षितपणे बाहेर काढता येत नाही. मुलांच्या प्रतींसाठी काळ्या टोनरची झेरॉक्स उत्तम, कारण टोनरमधील काजळीचा काळा रंग साध्या इंकजेटच्या रंगांपेक्षा पुष्कळ टिकतो.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी एक पृष्ठ आणि सामायिक मजकुराची चोवीस पृष्ठे धरली तर चौसष्ट पृष्ठे होतात. दुप्पट आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की चार पृष्ठे मिळतात, म्हणजे सोळा कागद पुरतात, आणि चार-चार कागदांचे चार गठ्ठे करून ते दुमडीतून दोऱ्याने शिवता येतात. या शिवणीला बांधणीवाले जुजबंदी म्हणतात, आणि ती नुसत्या गोंदाच्या किंवा पिनांच्या बांधणीपेक्षा अधिक टिकाऊ असते. लोखंडी पिना मुंबईच्या दमटपणात गंजतात आणि पान खातात. पुठ्ठ्यावर सुती कापड चढवताना पिठाची खळ वापरत असल्यास कीड लागू नये म्हणून जुने कारागीर तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने ते काम मुलांच्या हाती देऊ नये. मूळ प्रत हाताने शिवण्याचे काम चौथीतील मुलांना जमण्यासारखे आहे आणि त्यांनी ते करावेही. गिरगाव परिसराचे मराठी छपाईशी असलेले नाते लक्षात घेता ही गोष्ट विशेष समर्पक ठरते. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली याच भागाच्या शेजारी उभा राहिला आणि मौजेचा छापखाना खटाववाडीत होता, तेव्हा एखाद्या जुन्या बांधणी कारागिराला वर्गात बोलावून जुजबंदी शिकवायला सांगणे हा कार्यानुभवाचा उत्कृष्ट तास होईल.

प्रतींची वाटणी करताना मूळ हस्तलिखित प्रत कोणा एका शिक्षकाच्या कपाटात न ठेवता शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, क्रमांक देऊन दाखल करावी, म्हणजे मुख्याध्यापक बदलले किंवा शाळा विलीन झाली तरी कार्यभार देताघेताना तिची मोजदाद होईल. एक झेरॉक्स प्रत मुले ज्या माध्यमिक शाळेत जाणार आहेत तिच्या ग्रंथालयाला आणि एक प्रत, पालकांची संमती असल्यास, वस्तीतील सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. दादरमध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही १८९८ साली स्थापन झालेली संस्था आहे, आणि लालबाग-परळ व गिरगावातही अनेक छोटी वाचनालये अजून तग धरून आहेत. तेथील ग्रंथपालाला शाळेचे नाव, इयत्ता, तुकडी आणि शैक्षणिक वर्ष ठळक लिहिलेली कापडी बांधणीची वही दाखल क्रमांक घालून स्थानिक इतिहासाच्या फळीवर ठेवता येईल, आणि त्यासाठी शाळेला वहीसोबत मुख्याध्यापकांच्या सहीचे एक पानी पत्र पाठवावे लागेल, इतकेच.